कपाचं प्रूफ

यंत्र भाचीचं होतं. नोकरी सांभाळून फावल्या वेळात कप छापायचे असं तिच्या मनाने घेतलं, आणि एके दिवशी कपाला मिठी मारून बसणारा तो तापता पट्टा, वेगळ्या शाईचा प्रिंटर आणि पांढऱ्या कपांची खोकी तिने मामाच्या बाहेरच्या खोलीत आणून मांडली. धड दोन महिने झाले नसतील, तोच तिची बदली झाली. नव्या शहरात राहायला मिळाली ती अर्धी खोली, दुसऱ्या मुलीबरोबर वाटून घेतलेली. यंत्र न्यायचं कुठे? निघताना ती म्हणाली, "मामा, तुम्हीच करा. सगळं आयुष्य छापखान्यात काढलंत, तुमच्या हाताला हे काय जड आहे? वेळही जाईल."

वेळ जाईल, हे तिने सहज म्हटलं. पाच वर्षं ती त्यांच्याकडे होती. आधी शिकायला म्हणून आली, मग नोकरी लागली म्हणून राहिली. बोलायची इतकी की मामा म्हणत, अगं, मध्ये एखादा पूर्णविराम तरी दे. ती गेली आणि पूर्णविराम मिळाला. मामांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारणारी माणसंही आता उरली नव्हती. सकाळी दूधवाल्याला "अर्धा" म्हणायचं, दुपारी वाण्याकडे दोन शब्द बोलायचे, की दिवसाचं बोलणं संपलं. भिंतींना कान असतात म्हणतात. असतील. पण त्यांना तोंड नसतं, ही खरी अडचण.

तीन आठवडे त्यांनी यंत्रावरचं फडकंही काढलं नाही. चौथ्या आठवड्यात काढलं.

भिंतीवर भाचीने एक कागद चिकटवून ठेवला होता. एकशे ऐंशी अंश, दोनशे सेकंद, कागद कोरडा हवा, पट्टा घट्ट हवा, आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून, "आरसा विसरू नका." म्हणजे संगणकावर चित्र आरशात दिसावं तसं उलटं करून घ्यायचं. कागदावर उलटं छापलं की कपावर सुलट उठतं.

तिच्या नव्या कोऱ्या कपांना हात लावायला जीव होईना, म्हणून मामांनी स्वयंपाकघरातला आपला रोजचा कप घेतला. भाचीने संगणकात ठेवलेलं एक फूल छापलं, कागद कपाभोवती गुंडाळून तापली तरी न सुटणारी चिकटपट्टी लावली, पट्टा आवळला आणि मामा आकडे उतरताना बघत बसले. यंत्राने टूं टूं केलं. कागद सोलला, तर कपावर फुलाची नुसती पुसट सावली. ओलं फडकं फिरवलं, तशी सावलीही गेली.

त्यांनी सामानवाल्याला फोन लावला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "काका, साध्या कपावर नाही व्हायचं. आपल्या कपाला लेप असतो. ही शाई तापली की वाफ होऊन त्या लेपात शिरते. लेपच नसेल तर ती बिचारी जाणार कुठे?"

मामांना हे पटलं. शिरायला जागा हवी. त्यांनी उगाचच आणखी दोन प्रश्न विचारून फोन थोडा लांबवला.

मग लेपाचा कप घेतला. पट्टा सैल राहिला, फुलाच्या कडा धूसर आल्या. पुढच्या वेळी पट्टा आवळला, पण कागदाने हवेतली ओल धरलेली होती, सगळीकडे ठिपके उठले. त्यानंतरचा कप चांगला होता, पण तो त्यांनी हातमोजा न घालता उचलला, आणि तो फरशीवर पडला तो तुकडे होऊनच. दोन बोटांवर फोड आले. पाचवा कप मात्र साधला. कागदावर मळक्या, विटलेल्या दिसणाऱ्या रंगांनी कपावर असा काही जीव धरला की मामा मोठ्याने "वा" म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले.

फोटोचे कप करायला त्यांच्याकडे फोटो कुठे होते? ते अक्षरांकडे वळले. मूळचे ते जुळारी. शिशाचे खिळे एकेक उचलून शब्द, शब्दांच्या ओळी, ओळींची पानं जुळवण्यात त्यांचं तारुण्य गेलं होतं. पुढे खिळे भंगारात गेले तरी ते त्याच छापखान्यात कागद कापायला, बांधणीला, मिळेल त्या कामाला राहिले, आणि आठ वर्षांपूर्वी छापखाना बंद झाला त्या दिवशी दाराला कुलूप लागेपर्यंत थांबले. दोन शब्दांमध्ये किती जागा सोडली की ओळ श्वास घेते, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. खालच्या इस्त्रीवाल्या बाईंना मामांनी त्यांच्या नातवाचं नाव घातलेला कप दिला. तो त्यांनी आपल्या इस्त्रीच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला, आणि कपडे घ्यायला आलेल्या ग्रंथपालाच्या नजरेला पडला. ग्रंथपाल जिना चढून वर आला. वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती. सभासदांना भेट द्यायला तीस कप हवे होते, चित्रबित्र काही नको, नुसता मजकूर. "अक्षरं अशी बसलेली फार दिवसांत पाहिली नाहीत," तो म्हणाला.

मामा चार दिवस हवेत होते. मजकूर बसवला, मोडला, पुन्हा बसवला. तीस कप केले. एकाचीही कड धूसर नाही, एकावरही ठिपका नाही. खोक्यात भरून स्वतः नेऊन दिले.

ग्रंथपालाने एक कप काढला, फिरवून पाहिला, दुसरा काढला.  मग हळूच म्हणाला, "काका, हे वाचायला आरसा लागेल."

पहिल्याच घासाला खडा. तीसच्या तीस कपांवर मजकूर उलटा उठला होता.

कसं झालं हे मामांना घरी येईपर्यंत कळलं, आणि कळल्यावर जास्तच लागलं. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. जुळाऱ्याला ती तशीच वाचावी लागतात, आणि वर्षानुवर्षं वाचली की डोळ्याला उलट काय, सुलट काय, सारखंच. त्यांनी संगणकावर आरशाची खूण केली, मजकूर सरळ वाचता आला, म्हणून वाटलं खूण राहूनच गेली. पुन्हा केली, म्हणजे काढली. तयार कप हातात घेऊन तीस वेळा वाचला, तीसही वेळा तो त्यांना बिनचूक दिसला. शेजारी दुसरं कोणी असतं, नुसतं येताजाता डोकावलं असतं, तरी पहिल्याच कपाला ओरडलं असतं. छापखान्यात दुसऱ्या डोळ्याखालून गेल्याशिवाय एक ओळ यंत्रावर चढत नसे. इथे दुसरा डोळा आणायचा कुठून?

कप त्यांनी पुन्हा करून दिले. उलटे कपही काही सभासदांनी गंमत म्हणून मागून नेले, आणि पंधरा दिवस ज्याला त्याला मामा दिसले की हसू येई. मामाही हसत. घरी आल्यावर मात्र खुर्चीत बसून राहत.

तेव्हा त्यांना बाईंची आठवण झाली. तशी ती अधूनमधून होतच असे, पण आता कारण मिळालं.

बाई म्हणजे छापखान्यातल्या मुद्रितशोधक. प्रुफं तपासणं त्यांचं काम. तिथे बायका आणखीही होत्या, पण "बाई" म्हटलं की त्याच. मूळ मजकूर त्या मोठ्याने वाचत, सगळ्या स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि मामा समोर बसून प्रुफावर बोट फिरवत. अठ्ठावीस वर्षं दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसले, आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुराखेरीज एकमेकांशी फारसं बोलले नाहीत. छापखाना बंद झाल्यावर भेटही नव्हती. मामांनी जुन्या बांधणीवाल्याला फोन करून पत्ता मिळवला. "आहेत की," तो म्हणाला, "मुलाकडे असतात." याहून जास्त त्याने सांगितलं नाही.

बुधवारी, दोन बस बदलून, मामा तिथे गेले. बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी बोलायचं सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं: आधी प्रकृती, मग कपांची फजिती, त्यावर त्या हसल्या की भाचीची गोष्ट, मग घर.

दार सुनेने उघडलं. तिने नाव-गाव विचारलं, आत घेतलं आणि पाणी देता देता म्हणाली, "आईंना ऐकू येत नाही हं. मशीन लावून झालं, सगळं झालं. आता अगदीच नाही." मामांनी पेला खाली ठेवला. मनात जुळवून आणलेलं सगळं पान एका धक्क्याने विस्कटून पडलं.

बाई आतल्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण चष्म्याआडचे डोळे तेच. मामांकडे त्यांनी एकदा खालून वर पाहिलं. "जुळारी," त्या म्हणाल्या. आवाज मोठा आणि सपाट, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा. "टक्कल पडलं."

मामांनी मान डोलावली. खिशातून कागद काढून त्यावर लिहिलं, तुमची प्रकृति कशी आहे, आणि पुढे केला. बाईंनी तो वाचला, खिडकीत ठेवलेलं पेन उचललं आणि दोन ठिकाणी खूण करून परत दिला. प्रकृतीतला 'ती' त्यांनी दीर्घ करून दिला होता आणि वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह घातलं होतं. "मला लिहून दाखवत जाऊ नका," त्या म्हणाल्या. "मुलगा दाखवतो, सून दाखवते. चुका दिसल्या की मला मजकूरच दिसत नाही."

मग बोलायचं तरी कसं? मामांनी पिशवीतून एक छापलेला कप आणि नव्या कामाचे कागद काढले. एका पोहण्याच्या वर्गाचे कप होते, एका दवाखान्याचे होते. ते पाहून बाईंची पाठ ताठ झाली. कागद त्यांनी स्वतःकडे ओढला आणि वाचायला लागल्या. "खोल पाण्यात शिरण्यापूर्वी, स्वल्पविराम, शिक्षकांना सांगा, पूर्णविराम." मामांनी दुसरी प्रत पुढ्यात घेतली. त्यांचं बोट आपोआप ओळीवर आलं.

दर बुधवारी ते जायला लागले. कागद आरशाचे असले तर बाई नुसतं "उलट" म्हणत, सुलट असले तर "सुलट", आणि त्यानंतर एकही कप उलटा गेला नाही. तपासून झालेल्या कागदावर त्या कोपऱ्यात बारीक सही करत. सून चहा आणून ठेवी. मुलगा बाहेरच्या खोलीत असला तर मान हलवी. घरातली माणसं वाईट नव्हती, पण ओरडून ओरडून कोण किती बोलणार? ती बाईंना जेवायला हाताने बोलवत, औषध हाताने दाखवत. बाई सगळं खात, सगळं घेत. मामा येत तेवढा तास त्या खोलीत आवाज असे. मग मामा उठत, दोन बस बदलून घरी येत, आणि कुलूप उघडल्यावर लक्षात येई की आजही आपण एक शब्द बोललेलो नाही. बोलल्या त्या बाई, आणि त्याही दवाखान्याच्या वेळा.

चार महिने असेच गेले. काम बऱ्यापैकी चालू लागलं होतं. भाची फोनवर कपांचे फोटो मागवी आणि शाबासकी देई, पण तिचे फोन आता आखूड झाले होते. तिला तिथे मैत्रिणी मिळाल्या होत्या. मिळायलाच हव्यात, मामा स्वतःला सांगत.

एका मंगळवारी मामा एका कागदावर स्वतःचा मजकूर बसवायला बसले. त्याला सगळी दुपार लागली. चारच वाक्यं होती, पण शब्दन्‌शब्द त्यांनी कोशात पाहिला. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, टिंब द्यायचं की नाही. आयुष्यात इतकं सांभाळून त्यांनी दुसऱ्याचंही काही जुळवलं नव्हतं. छापून झाल्यावर तो कागद बाकीच्या कामात तिसरा घातला.

बुधवारी बाईंनी पहिला वाचला, सही केली. दुसरा वाचला, त्यात एक अनुस्वार गळला होता, तो दिला. तिसरा उचलला.

"माझी भाची गेल्यापासून घरात कोणी बोलत नाही, पूर्णविराम."

मामांच्या आता कुठे ध्यानात आलं की बाई मोठ्याने वाचतात. बाहेरच्या खोलीतला टीव्हीचा आवाज कमी झाला.

"मी दिवसाला चार वाक्यं बोलतो, स्वल्पविराम, त्यांतली दोन दूधवाल्याशी, पूर्णविराम. आज कोणाशी काय बोललो ते मी संध्याकाळी आठवून पाहतो, पूर्णविराम."

सून चहा घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. मामांना वाटलं, उठून तो कागद हिसकावून घ्यावा. पण बाईंना मध्ये थांबवायचं नाही ही अठ्ठावीस वर्षांची शिस्त. त्यांचं बोट कानकोंडं होऊन शेवटच्या ओळीवर गेलं.

"तुमच्याकडे यायचं म्हणून मी दर बुधवारी दाढी करतो, पूर्णविराम."

बाईंनी पेन उचललं, ओळींवरून एकदा फिरवलं आणि खाली ठेवलं. "चूक नाही," त्या म्हणाल्या.

मामा खाली मान घालून बसले. बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि या वेळी मनात वाचला. ओठ नुसते हलले. "कोणाचा कप?" त्यांनी विचारलं.

मामांनी छातीवर हात ठेवला.

सून चहा तिपाईवर ठेवून पाऊल न वाजवता निघून गेली. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "हा छापू नका," त्या म्हणाल्या. "असलं कपावर घालत नाहीत. चहा पिता पिता लोक वाचतील." त्यांनी कागदाची घडी केली आणि तो आपल्या पुस्तकात ठेवला. परत दिला नाही. मग खुर्ची थोडी वळवून मामांच्या समोर आल्या.

"बोला."

मामांनी स्वतःच्या कानाला हात लावून दाखवलं.

"ते मला माहीत आहे. तुम्ही बोला, जुळारी. मी बघते."

 पहिलं वाक्य निघालं ते पट्ट्याबद्दल, की नवा पट्टा मागवायला हवा, जुना एका बाजूने कमी तापतो. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी तीस उलट्या कपांची गोष्ट सांगितली, आणि ग्रंथपालाचा चेहरा कसा झाला ते. बाई हसल्या नाहीत, कारण त्यांना कळलंच नव्हतं. मामा एकटेच हसले. मग भाची आली. ती लहान असताना आईचा हात सोडून त्यांच्याकडे कशी पळत येई, आणि जाताना जिन्यात तिने मागे वळून कसं पाहिलं नाही. छापखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी सगळे भराभर पांगले, कोणी कोणाला येतो म्हणून म्हटलं नाही, हे सांगितलं. बहिऱ्या माणसाशी आवाज चढवून बोलायचं कारणच नव्हतं, म्हणून ते अगदी हळू बोलत होते. बाहेर कोणाला ऐकू जाण्याची भीती नव्हती. शेवटी त्यांनी एक गोष्ट अशीही सांगितली, जी त्यांनी बहिणीलासुद्धा कधी सांगितली नव्हती. ती इथे सांगण्यातही अर्थ नाही.

बाईंची नजर एकदाही हलली नाही. त्यांना त्यातलं काही कळलं असेल असं नाही. चहावर साय धरली.

मामा थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं?"

मामांनी मान हलवली.

"उरलेले दोन कागद द्या," बाई म्हणाल्या, आणि ते वाचून सही करून दिले.

दारापर्यंत सून आली. चपला घालून झाल्यावर म्हणाली, "काका, आई एरवी एक अक्षर बोलत नाहीत. तुम्ही येता तेव्हाच त्यांचा आवाज ऐकतो आम्ही."  "बरं," मामा म्हणाले आणि जिना उतरले.

घरी आले तेव्हा अजून उजेड होता. कुलूप काढता काढताच फोन वाजला. भाची होती. तिने दोन वाक्यं ऐकली आणि विचारलं, "आवाज बसलाय का तुमचा?"

"हो. आज जरा जास्त बोललो."

"कोणाशी?"

"छापखान्यातल्या एक बाई आहेत."

"अरे वा. काय म्हणाल्या?"

 "काही नाही," मामा म्हणाले.

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारत होतं. बाहेर जेवायला जायचं होतं सगळ्यांना. रविवारी निवांत बोलू, असं म्हणून तिने फोन ठेवला.

दवाखान्याचे सहा कप सकाळी द्यायचे होते. मामांनी दिवा लावला, यंत्र सुरू केलं आणि ते तापेपर्यंत खुर्चीत बसून राहिले.